लादीतली बाई

गुरुवारी सकाळी आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत लिफ्टसमोर एवढी गर्दी होती, की आतून उतरणाऱ्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे माना खाली घालून लादीत पाहत होते. तिथे माझी आई दिसते, असं दर गुरुवारी येणाऱ्या महिपत महाराजांनी सांगितलं होतं.

आई चार महिन्यांपूर्वी याच जागी घसरली. खुब्याचं हाड मोडलं आणि महिन्याभरात ती गेली. मग आणखी तिघे म्हातारे तिथेच पडले. महाराजांच्या मते आईचा जीव अडकलाय आणि ती पाय ओढते. तरुणांचे का नाही ओढत? तर आत्म्यालाही सोबत बरोबरीचीच लागते. जन्मात शेजाऱ्यांकडे वाटीभर साखर न मागितलेली माझी आई आता पाय मागत होती.

तिची मैत्रीण मालनकाकू भीतीने दीड महिना खाली उतरली नव्हती. आज तिला धरून आणलं होतं. ती वाकली. चमकत्या लादीत चेहरा धूसर, केस मात्र पांढरेशुभ्र. ती मटकन खुर्चीत बसली.

"तीच आहे गं."

महाराजांनी अंगारा पसरला आणि त्यावरून म्हाताऱ्यांना चालवलं. कुणी पडलं नाही. जयजयकार झाला.

मी काकूला पुन्हा उठवलं. "डोक्यावर पदर घे आणि बघ."

तिने पदर घेतला. लादीतल्या बाईनेही घेतला.

"अगो बाई, ही मीच की."

झाडलोट करणाऱ्या रमाबाई म्हणाल्या, "रोज साबणाच्या पाण्याने पुसते. गुरुवारी महाराज येईपर्यंत पुसायचं नाही, असा हुकूम आहे."

मी त्यांना रोजच्यासारखं पुसायला लावलं आणि चप्पल ढकलली. ती थेट महाराजांच्या पाटावर जाऊन थांबली. मीटरपाशी जुन्या शहाबादी फरशीचा तुकडा पडून होता. तोही ओला केला. त्यावर चप्पल वीतभरही सरकली नाही. ती खरबरीत फरशी काढून आई पडायच्या आदल्या महिन्यातच ही चकचकीत लादी बसवली होती. सेक्रेटरी सुदेशना इमारत हॉटेलसारखी दिसायला हवी होती.

"ताई, श्रद्धेला चप्पल लावू नका," महाराज म्हणाले.

"मी लादीला लावली," मी म्हटलं.

गर्दीतून पुढे येऊन सुदेशनी स्वतः एकदा चप्पल ढकलून पाहिली. पुढच्या आठवड्यात खरबरीत फरशी आली, भिंतीला धरायला दांडाही आला. काकू आता रोज खाली येते.

तुमच्याकडे कुणी घसरलं, तर आधी ओली लादी बघा. मेलेल्या माणसाची चौकशी नंतर करा.

चकचकीत लादी उखडण्याआधी मीही एकदा वाकून पाहिलं होतं. आईसारखीच दिसत होते. मीच होते.