मणक्यातलं सिमेंट

अण्णासाहेबांनी डॉक्टरांच्या टेबलावरचा प्लास्टिकचा मणका उचलला आणि चष्म्यापाशी नेऊन सगळ्या बाजूंनी न्याहाळला.

"मतलब, ग्राउटिंग!" ते म्हणाले. जन्मभर सरकारी इमारतींच्या भेगा बुजवलेला इंजिनियर माणूस. चेहरा एकदम खुलला.

"ऐसा ही समझिए," डॉक्टर म्हणाले. "चीरफाड़ नहीं, सुई से सीमेंट भरेंगे. दर्द कम होगा, माताजी बैठ पाएँगी. पर बीमारी फैल चुकी है, वो अपनी जगह रहेगी."

अण्णासाहेबांनी विचारलं ते एवढंच, की सिमेंट घट्ट व्हायला वेळ किती लागतो. शेवटचं वाक्य त्यांनी कानाआड केलं. व्हीलचेअरवरच्या त्यांच्या पत्नीने, अरुणाताईंनी मात्र नीट ऐकलं. स्तनाचा कॅन्सर पाठीच्या हाडांत उतरल्यापासून त्यांना कूससुद्धा बदलता येत नव्हती.

सुईचं काम झालं, दुसऱ्या दिवशी दोघं राजधानीतल्या द्वारका भागातल्या घरी परतले, आणि अण्णासाहेबांनी सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. "एकदम पक्कं काम, यार! टाकासुद्धा नाही. बिल्कुल टेन्शन नाही आता." ऐकणारे बिचारे हो ला हो करत राहिले.

संध्याकाळी ते दूध घेऊन आले, तर अरुणाताई पलंगावर चक्क ताठ बसल्या होत्या. अण्णासाहेबांचं काळीज सुपाएवढं झालं. त्या फोनवर फरीदाबादच्या लेकीशी, संपदाशी बोलत होत्या.

"एक खोली रिकामी कर. रडू नकोस गं. बोलता येतंय तोवर बोलू दे मला."

फोन ठेवल्यावर अण्णासाहेबांनी विचारलं, "खोली कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"अच्छा! मी कशाला जाऊ तिकडे? तू तर बरी होतेयस."

अरुणाताईंनी त्यांच्या हातातली दुधाची पिशवी काढून घेतली.

"अहो, पडायला आलेल्या इमारतीला तुम्ही टेकू का लावायचात?"

हाताखालच्या पोरांना त्यांनी हे शेकडो वेळा बजावलं होतं.

"आतली माणसं बाहेर काढेपर्यंत ती उभी राहावी म्हणून," ते म्हणाले.

"मग? तुम्हाला आधी बाहेर काढू दे."

अण्णासाहेब पलंगाच्या कडेला बसले. आजवर दाबून ठेवलेलं रडू एकदम फुटलं, आणि अरुणाताईंनी ते थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"संपदाला सांग," ते म्हणाले, "सकाळचा चहा माझा मी करून घेईन."