सदर विद्यार्थिनी

विद्यापीठात शिकायला अक्कल लागते म्हणतात. लागत असेलही, पण ती नंतर. आधी लागते पायात दणकट चप्पल, पाकिटात सहा फोटो आणि आपला ताठा घरी ठेवून येण्याची तयारी. चप्पल आणि फोटो आत्याने आणले होते. तिसरं काही तिला जन्मात जमलेलं नव्हतं.

आत्याचं वय अठ्ठेचाळीस. त्यातली तेवीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त, लघवी आणि थुंकी तपासण्यात गेली होती. आता ती पीएचडी करायला निघाली होती, आणि तीही तळ्यातल्या शेवाळावर. "रक्त सोडून शेवाळ कशाला?" असं कुणी विचारलं की ती सांगायची, "शेवाळ रिपोर्ट कधी मिळणार म्हणून डोकं खात नाही." शिंगं मोडून वासरांत शिरली, असं शेजारी म्हणाले. शिंगं शाबूत आहेत, जवळ येऊन बघा, असं आत्या म्हणाली. कुणी आलं नाही.

खरं तर हा प्रवेश तिला चोवीस वर्षांपूर्वीच मिळाला होता. नोंदणीच्या दिवशी ती घरातून निघालीच नाही, कारण समोरच्या बिऱ्हाडातल्या दोन वर्षांच्या पोरीला गोवर निघाला होता आणि तिच्याजवळ बसायला दुसरं माणूस नव्हतं. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. सांगून करणार काय, गोवरावर खटला भरणार? आता नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी विभागात एक जागा निघाली होती. वयाची अट अठ्ठेचाळीस, आणि नोंदणी आज संध्याकाळी पाचला बंद. पुढच्या वर्षी तिला अर्जही करता आला नसता.

नोंदणीच्या कागदावर अकरा सह्या लागत होत्या, आणि तीन दिवस ती त्यांच्या मागे वणवण फिरत होती. ज्या ग्रंथालयात तिने अजून पाऊल टाकलं नव्हतं, त्याने हिच्याकडे आमचं एकही पुस्तक नाही असा दाखला दिला. वसतिगृहाने, ही आमच्याकडे राहत नाही असा. क्रीडा विभागाने तर हिने आमचं काही मोडलेलं नाही असं लिहून वर शिक्का मारला. आपण आयुष्यात काय काय केलेलं नाही, याचे इतके पुरावे आत्याला कधीच मिळाले नव्हते.

अकरावी सही प्रयोगशाळेतल्या सुरक्षा प्रशिक्षणाची. ती द्यायची मार्गदर्शकांनी. पण मार्गदर्शक परिषदेला गेले होते, कुठल्याशा डोंगरात, जिथे मोबाईलला रेंज नव्हती. त्यांच्या गैरहजेरीत सहीचा अधिकार होता तिसऱ्या वर्षाच्या संशोधिकेला, म्हणजे बारकीला.

बारकी म्हणजे तीच गोवरवाली. तिची आई ती पाळण्यात असतानाच गेली. वडील लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. समोरच्या दारातल्या बाईला ते ताई म्हणायचे, आणि बापाने ताई म्हटलं की पोरीची आत्या होणं आलंच. बारकी आधी दुपारपुरती आली, मग जेवणापुरती, मग दप्तर-पांघरुणासकट. ती नववीत असताना वडीलही गेले. तेव्हा आता हिने राहायचं कुठे, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. आज ती आत्यापेक्षा वीतभर उंच होती, पण नाव पडलं ते पडलं.

"इथे मला बारकी म्हणायचं नाही हं," प्रयोगशाळेच्या दारातच तिने दटावलं. अंगात पांढरा कोट, कपाळावर आठी.

"मग काय म्हणू? थोरली?"

"सगळे मॅडम म्हणतात."

"बरं. मॅडम, सकाळी डबा घरीच विसरलात."

बारकीने इकडेतिकडे पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं. तिने यादी काढून प्रशिक्षण सुरू केलं. हातमोजे कसे घालायचे, कसे काढायचे. पिपेट कसा धरायचा, अंगठा कुठे ठेवायचा. हा पिपेट आत्याने आजवर किती लाख वेळा दाबला असेल याचा हिशेब नव्हता. बारकी पाच वर्षांची असताना आत्याने घरी आणलेल्या मोडक्या पिपेटने बाहुल्यांना औषध पाजत असे, हेही तिला आठवत होतं. पण तिने सांगितल्याप्रमाणे अंगठा ठेवून दाखवला. नियम सगळ्यांना सारखाच.

"डोळ्यांत रसायन उडालं तर काय कराल?" बारकीने यादीतून वाचलं.

"रडेन."

"आत्या, उत्तर लिहायचंय मला."

"पंधरा मिनिटं पाण्याने धुवीन. आणि मग रडेन. लिही."

साडेतीनला बारकीने सही केली. अकरा झाल्या. आत्या जिना उतरून नोंदणीच्या चार नंबरच्या खिडकीशी पोचली, तेव्हा तिला गुणगुणावंसं वाटत होतं.

चार नंबरवरच्या कारकुनाला अख्खं विद्यापीठ परिशिष्ट म्हणायचं. कारण काहीही विचारा, "परिशिष्ट ब वाचलंत का?" हेच उत्तर. माणूस वाईट नव्हता. जगात कागदाशिवाय काही असतं यावर त्याचा विश्वास नव्हता, एवढंच. खिडकीसमोरच्या बाकावर एक बाई थर्मास घेऊन बसली होती. ती प्रतीक्षा यादीतली पहिली. आत्या हुकली की जागा तिची. घरातल्या आजाऱ्याची मालमत्ता मिळायची असलेली माणसं हसतात तसं गोड हसून तिने आत्याला जागा करून दिली.

साडेचारला आत्याचा नंबर लागला. परिशिष्टने अकरा सह्या बोट ठेवून मोजल्या, मान डोलावली, पान उलटलं आणि बोट सतराव्या रकान्यावर थांबलं. विभागात परिचयाची व्यक्ती असल्यास तिच्याशी नाते. तिथे आत्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, भाची.

"या मॅडम तुमच्या भाची?"

"हो."

"आणि प्रशिक्षणाची सही त्यांचीच?"

"हो. का?"

"नातेवाइकाची सही चालत नाही. परिशिष्ट ब, कलम तीन. मार्गदर्शकांची आणा."

"ते सोमवारी येणार."

"नोंदणी आज बंद."

बाकावरच्या बाईने थर्मासचं झाकण घट्ट केलं. आत्याने बारकीला फोन लावला आणि पाच मिनिटांत बारकी कोटासकट धापा टाकत आली.

"तुला कुणी सांगितलं होतं गं भाची लिहायला?" ती दबक्या आवाजात खेकसली.

"मग काय लिहू? बटाटा?"

"काहीच लिहायचं नाही! रकाना कोरा सोडायचा!"

परिशिष्टने चष्मा पुसला. वाट सापडते का पाहावं असं त्यालाही वाटत असावं, कारण त्याने पेन उचलून सावकाश विचारायला सुरुवात केली.

"सख्खी आत्या?"

"नाही."

"चुलत?"

"नाही."

"मावस?"

"मावस आत्या असते का हो?"

"असते. वडिलांची मावसबहीण."

"मग तीही नाही."

"लग्नाच्या नात्याने?"

"मी लग्नच केलं नाही."

"मॅडमना कायद्याने दत्तक घेतलंय?"

"नाही."

"अहो, मग तुम्ही यांच्या कोणीच लागत नाही!" परिशिष्ट खुर्चीत सरसावून बसला. त्याचा चेहरा उजळला होता. "आधी नाही का सांगायचं? जीव टांगणीला लावलात उगीच."

तो इतका खूश झाला होता की त्याच्यावर चिडताही येईना. आत्याला मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. चोवीस वर्षांत हे कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, ते जास्त झोंबलं.

परिशिष्टने दोन कोरे कागद आणि एक नमुना पुढे सरकवला. दोघींनी आपापल्या अक्षरात लिहून द्यायचं. आत्याने लिहायचं : सदर प्रशिक्षिका माझी कोणी लागत नाही. बारकीने लिहायचं : सदर विद्यार्थिनी माझी कोणी लागत नाही. खाली सही, तारीख, वेळ.

"'कोणी'च्या आधी 'रक्ताने' असा एक शब्द घातला तर?" आत्याने विचारलं.

"मजकुरात बदल नाही."

"एकच शब्द हो."

"एका शब्दाने फाइल वरून परत येते बाई. मग मीही काही करू शकणार नाही."

"लिही गं आत्या," बारकी म्हणाली. "कागद तर आहे. दहा मिनिटं राहिलीत."

आत्याला वाटलं, हा कागद चुरगळून याच्या टेबलावर फेकावा आणि सरळ घरी जावं. मग वाटलं, आपण एकदा घरी बसलोच होतो की. तिने पेन घेतलं आणि एका दमात लिहून टाकलं. लिहिताना तिला स्वतःची लाज वाटली, आणि लिहून झाल्यावर जास्त वाटली. सही नेहमीसारखी आली नाही, पण आली.

मग बारकीने पेन घेतलं. 'सदर' लिहिलं. आणि थांबली.

परिशिष्टने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ मिनिटं.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"विद्यार्थिनी. मला नाही येत ते. वेलांट्या चुकतात."

"नमुना समोर आहे मॅडम," परिशिष्ट म्हणाला. "बघून लिहा. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहात."

बारकी नमुन्याकडे बघत नव्हती. तिने आत्याने लिहिलेला कागद वाचला होता. मघाशी 'कागद तर आहे' म्हणणारी पोर आता खालचा ओठ दाताखाली धरून उभी होती, आणि पेनाचं टोक कागदावर टेकून तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता.

"मला नाही लिहायचं हे," ती इतक्या हळू म्हणाली की ते फक्त आत्यालाच ऐकू गेलं.

मागे बाकावरची बाई उठली. तिने पर्स खांद्याला लावली आणि आपला कागद पिशवीतून बाहेर काढला. आता ती हसत नव्हती. तिलाही ही जागा हवीच होती.

आत्याला कळलं की आपण आत्ता हिच्या पाठीवरून हात फिरवला तर दोघीही इथेच बसून रडणार आणि पाच वाजणार. समजूत घालायला वेळ नव्हता. म्हणून तिने ते केलं जे दुसरीपासून सातवीपर्यंत रोज संध्याकाळी, ओट्याशी उभं राहून हातातलं काम न सोडता केलं होतं. तिने बारकीला शुद्धलेखन घातलं.

"पाठ सरळ," ती म्हणाली. "तो ठिपका राहू दे, पुढे लिही. विद्यार्थिनी. द्या, मग र्थि. थची वेलांटी पहिली."

बारकीने वर पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? वहीत बघ. र्थि पहिली. नी दुसरी. लिहिलंस?"

"हो."

"माझी."

पेन हललं नाही.

"माझी," आत्या पुन्हा म्हणाली. तिचा आवाज जरा फाटला. तिने तो खाकरून साफ केला. "शब्दाच्या शेवटी असेल तर वेलांटी नेहमी कुठली?"

"दुसरी."

"मग लिही. माझी. दुसरी. कोणी. ण बाणाचा, नळाचा नव्हे. वेलांटी दुसरी."

बारकीच्या नाकावरून एक थेंब कागदाच्या कडेवर पडला. परिशिष्टने टिपकागद पुढे सरकवला. त्यालाही लेकीबाळी असतील.

"लागत," आत्या म्हणाली. "याला काही नाही. शेवटी ना काना, ना वेलांटी. सोपा आहे."

"सोपा नाहीये," बारकी म्हणाली. पण तिने लिहिला.

"नाही. परत दुसरी. आणि पूर्णविराम दे. तू पूर्णविराम द्यायला नेहमी विसरतेस."

बारकीने पूर्णविराम दिला. सही केली, तारीख घातली, वेळ घातली, चार सत्तावन्न, आणि पेन खाली ठेवून तोंड भिंतीकडे केलं. परिशिष्टने कागदासाठी हात पुढे केला. आत्याने त्याला थांबवलं. कागद स्वतःकडे ओढून तिने डावीकडून उजवीकडे, एकेका अक्षरावर बोट ठेवत, वाक्य तपासलं.

एकही चूक नव्हती. तिने कागद खिडकीतून आत दिला.