काशीरामांचे हात चुकले नव्हते

मित्रांनो, पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्यांच्या वासात घडी होऊन पडलेलं मी एक जुनं धोतर आहे. पांढरं, सुती, तांबड्या काठाचं. माझा जन्म घाटावरच्या एका हातमागावर झाला. माझं सूत कुठे किंचित जाड आहे, कुठे बारीक. हात फिरवलात तर जरा खरखरीत लागेन. पण तो खरखरीतपणाच माझं बळ आहे.

मला नाडी नाही, बटण नाही. कमरेला घट्ट वेढा द्यायचा, एका सोग्याच्या निऱ्या करून पुढे खोचायच्या, दुसरा सोगा पायांमधून मागे नेऊन काष्टा मारायचा. बस्स. सूत सुताला धरून ठेवतं. काशीराम मला नेसत तेव्हा खाली बघतसुद्धा नसत. त्यांच्या बोटांना सगळं पाठ होतं.

एरवी ते लेंगा घालत. मी फक्त शिमग्यासाठी. आमच्या गावात देवाच्या पालखीला खांदा द्यायचा तर धोतर नेसूनच द्यावा लागतो, आणि पुढचा खांदा काशीरामांच्या घराण्याचा मान. ढोल वाजू लागले की ते पालखी अशी नाचवत की बघणाऱ्यांचे पाय आपोआप हलत. मी त्यांच्या अंगावर घामाने चिंब होई, पण जागेवरून हललो नाही.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा संदेश आणि सून निशिगंधा मुंबईहून चार दिवस आधीच आले. मला पेटीतून काढून निशिगंधा म्हणाली, "बाबा, काय हे! पोत्यासारखं लागतंय. मी छान मऊ करून देते."

"आगो, पोत्यासारखंच बरं," काशीराम हसले.

तिने मात्र प्रेमाने मला धुतलं आणि शेवटच्या पाण्यात मुंबईहून आणलेलं कपडे मऊ करणारं निळं औषध ओतलं. मला फुलांचा वास आला. आणि माझ्या प्रत्येक धाग्यावर एक गुळगुळीत थर बसला. सुताने सुताला धरणं सोडलं. मला ते कळत होतं, पण सांगू कसं?

काशीरामांनी मला नेहमीसारखंच नेसलं. तितकाच घट्ट वेढा, तशाच निऱ्या. सहाणेवर, म्हणजे पालखी टेकते त्या चौथऱ्यासमोर, ढोल टिपेला पोचले आणि मी सुटू लागलो. आधी निऱ्या, मग काष्टा. एक हात त्यांनी माझ्याकडे नेला, तशी पालखी कलंडली. बायका ओरडल्या. शेजारचा रूपेश धावत आला आणि त्याने दांडी आपल्या खांद्यावर घेतली.

"काका, धोतार सांभाळा, देवाचं आमी बगतो!" कुणीतरी मागून ओरडलं. गर्दी हसली. रूपेश हसला नाही. तो हळूच म्हणाला, "काका, हात कापतात तुमचं आता. बसा जरा."

काशीराम मला दोन्ही मुठींत धरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी संदेशने रत्नागिरीहून इलॅस्टिकचं शिवलेलं धोतर आणलं. "बाबा, पुढल्या वर्षी हे घाला. सुटायची भीतीच नाय."

"धोतार सुटलं नाय रं," काशीराम म्हणाले. "हातच सुटलं माजं." आणि ते नवं धोतर त्यांनी पुडक्यातून काढलंच नाही.

ती दोघं मुंबईला गेल्यावर काशीरामांनी मला स्वतः धुतलं. रिठ्याच्या पाण्यात बुडवून, विहिरीवर पुन्हा पुन्हा खळबळून. तो थर गेला, मी पूर्वीसारखं खरखरीत झालो. मग त्यांनी माझी घडी घातली. काठाला काठ, टोकाला टोक. मित्रांनो, थरथरणाऱ्या हातांना अशी घडी जमत नाही. एकदा नेसून बघा, मी मनात ओरडत होतो. पेटीचं झाकण बंद झालं.

यंदा पालखी दाराशी आली तेव्हा पेटी पडवीतच होती. मला सगळं ऐकू आलं.

"काका, लावा की खांदा," रूपेश म्हणाला. "दाराशी तरी."

"नको रं बाबा. देव पडंल माज्या हातानं."

शिमग्यासाठी पुन्हा मुंबईहून आलेली निशिगंधा तिथेच आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिला ठाऊक नाही. माझा तिच्यावर राग नाही. मायेने केलेली चूक कुणाला दिसत नाही, करणाऱ्यालाही नाही.

मित्रांनो, हातमागाचं सुती कापड साध्या पाण्यात धुवा, त्याचा खरखरीतपणा काढू नका. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही निसटलं, तर त्याच्या हातांना बोल लावण्याआधी ते निसटलेलं जरा चाचपून बघा. काशीराम अजून पडवीत बसतात आणि आपले तळवे न्याहाळतात. मी हातभर अंतरावर आहे. कुणीतरी ही पेटी उघडा आणि मला त्यांच्या हातात द्या.