बंडीतला चौथा माळा

देवीलाल गेल्या वर्षी मुंबईला जावयाकडे जाऊन लिफ्टमध्ये दोनदा बसून आला, तेव्हापासून घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यात त्याचा तोरा काही औरच होता. पण शेजारी म्हणून खरी गोष्ट मला ठाऊक होती. लिफ्टमध्ये शिरताच त्याने सगळ्यांना राम राम घातला, एकेकाला गाव विचारलं, आणि एकानेही तोंड उघडलं नाही.

"मले वाटलं, ह्यायच्या घरचं कोनी मेलं असंन," तो मला म्हणाला होता. जावयाने मात्र तिथं लिफ्टमध्येच शरमेने मान खाली घातली होती.

आता देवीलालची लेक मुंबईतल्याच दवाखान्यात, चौथ्या माळ्यावर होती. पहिलं बाळंतपण, त्यात पाय सुजलेले. डॉक्टर माहेरी सोडायला तयार नव्हते. पत्र आल्यापासून देवीलालची बायको जमनाबाई गाठोडं बांधून बसली होती. डिंकाचे लाडूही करून झाले होते. पण देवीलाल अडून बसला.

"तू लिफ्टमंदी बडबडशीन. जावयापुढं अजून नाक कापून घ्याचं नाई मले."

"नाई बोलत."

"झोपेतबी बोलतं तू!"

"मंग घ्या ना परीक्षा!"

कापूस वाहायची बैलबंडी टेकू देऊन सपाट केली. तीन बाजूंना तट्टे, मागची बाजू उघडी; तेच दार. गर्दी हवी म्हणून मला आणि शेजारच्या लखीरामला भर उन्हात जमनाबाईसोबत आत उभं केलं. या खुळाचा मला संताप आला होता, पण जमनाबाईच्या तोंडाकडे पाहून चढलो. देवीलालने आत दारापाशी उभं राहून नियम सांगितले. तोंड दाराकडे ठेवायचं, कोणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, हात आपल्यापाशी, आणि शब्द काढायचा नाही. माळा आला की तो नुसतं बोट दाखवणार. चौथं बोट उठेपर्यंत जमनाबाई गप्प राहिली, तरच ती मुंबईला जाणार.

पहिलं बोट उठलं. लखीरामला शिंक आली, ती त्याने गिळली. दुसरं बोट उठलं.

तेवढ्यात समोरून जमनाबाईची धाकटी बहीण आली. सुखीबाई, मुकुटबनकडच्या तांड्यात दिलेली. मागल्या पावसाळ्यात त्यांची आई गेली, तेव्हा नाल्याला पूर होता आणि जमनाबाई मातीला पोचू शकली नव्हती. त्यानंतर दोघी आजच भेटत होत्या. आमच्यात अशा भेटीत बहिणींनी गळ्यात पडून, सूर लावून रडायचं असतं. जी रडत नाही तिने नातं तोडलं, असंच समजतात.

सुखीबाईने हात पसरले, सूर लावला. जमनाबाई दाराकडे तोंड करून ताठ उभी. डोळ्यांना धार लागलेली, ओठ घट्ट मिटलेले.

"काय चुकलं वं माह्यं?" सुखीबाईने विचारलं. पसरलेले हात हळूहळू खाली आले.

देवीलालचं तिसरं बोट वर गेलं ते तिथंच अडलं. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"अवं, बहीन हाये तुही! गळ्यात पड ना! काहून उभी राह्यली दगडावानी?"

जमनाबाई हलली नाही. तिची नजर त्याच्या बोटांवर होती. त्याने घाईघाईने चौथं बोट वर केलं, तशी तिने खाली उडी टाकली आणि बहिणीच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की अख्खा तांडा गोळा झाला. आईचं सगळं रडणं तिने तिथं रडून घेतलं. आम्ही बाप्येही डोळे पुसत होतो.

मग पदराने नाक पुसत ती देवीलालकडे वळली.

"मी पास झाली. तुमी लिफ्टमंदी बोलल्ले. तुमी घरी राहा, माह्यासंगं सुखी येईन."

देवीलाल खाली उतरून बंडीचे तट्टे सोडायला लागला.

दोन दिवसांनी घाटंजीच्या स्टँडवर दोघी बहिणी मोटारीत बसल्या. देवीलाल बाहेर उभा होता, हात आपल्यापाशी, ओठ मिटलेले. मोटार सुरू झाली तशी जमनाबाई खिडकीतून ओरडली, "आता तरी बोला ना जी!"

देवीलाल मोटारीबरोबर चार पावलं धावला.

"पोरीले माहा राम राम सांगजो," तो म्हणाला. "पन लिफ्टमंदी नाई. वर पोचल्यावर."