गणिताच्या तासाचा डफ

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. अशा गोष्टीत जुन्या वस्तूने आधी उसासा टाकायचा असतो, पण मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. त्याने लाकडाची पातळ पट्टी वाफेवर मऊ करून गोल वाकवली आणि तिची टोकं खिळ्यांनी जोडली. त्याच्या बायकोने ओलं कातडं त्या कड्यावर ताणलं. ती ते इतकं ओढत होती की सुतार घाबरून म्हणाला, अगं, फाटेल ते. ती म्हणाली, सैल राहिलं तर बोलणार कसं? माझा स्वभाव तिच्यावर गेला आहे.

तिथून मी शाळेत आलो. तिथे माझं काम ठरलेलं होतं. स्नेहसंमेलनात एका नाचाला मला वाजवायचे. टाळ्या नाचणाऱ्यांना मिळायच्या, थोड्या मलाही मिळायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मी सहावीच्या वर्गामागच्या कपाटात, हवा गेलेल्या चेंडूंच्या शेजारी. वर्षातून एक दिवस कला आणि बाकीचे दिवस अभ्यास, अशी त्या शाळेची वाटणी होती. कपाटाचं दार नीट लागत नसे, म्हणून अभ्यास मला रोज ऐकू यायचा. खरं सांगू? फार कंटाळवाणा होता.

मग नव्या गणिताच्या बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? एकतीस मुलांपैकी जवळजवळ सगळी म्हणाली, एक चतुर्थांश, कारण चार तीनपेक्षा मोठे. बाईंनी फळ्यावर गोल काढले, कागद कापून दाखवले. मुलांनी माना डोलावल्या. त्या माना कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही डोलावता.

तिसऱ्या दिवशी कपाटात डस्टर शोधताना बाईंचा हात माझ्यावर पडला. मी दमट हवेने सैलावलो होतो, तरी आवाज केलाच. मागच्या बाकावरची पेंगणारी मुलंसुद्धा ताठ बसली. बाईंनी एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मला खिडकीतल्या उन्हात ठेवून तापवलं आणि तासाला सुरुवात केली.

त्यांची रीत अशी होती. बारा ठोक्यांची एक फेरी. तिचा तिसरा हिस्सा म्हणजे चार ठोके, चौथा हिस्सा म्हणजे तीन. बाई माझ्यावर मोठी थाप देऊन फेरी सुरू करायच्या, मुलं बाकांवर बोटांनी वाजवायची. चार ठोके वाजले, मग तीन, हिशेब सात ठोक्यांवर आला. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश, सात छेद बारा. कोणता हिस्सा मोठा, ते आता कोणी विचारत नव्हतं. हातांना कळलं होतं.

त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे गोगलगाय म्हणायचे. प्रश्न विचारल्यावर ती इतका वेळ घ्यायची की तोवर दुसऱ्याने उत्तर दिलेलं असायचं. सहामाहीत गणितात तिला भोपळा मिळाला होता. तिचे वडील शिंपी. दुकानात त्यांना आणखी दोन हातांची गरज होती. त्यांनी बाईंना सरळ सांगितलं होतं की वार्षिक परीक्षेत पोरगी पास झाली तर शाळा, नाही तर शिलाई मशीन. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता.

गोगलगाय सगळ्यांत जोरात वाजवायची. घाई नाही, पण एकही ठोका चुकायचा नाही.

आता चूक सांगतो. बाईंनी मुलांना वाजवायला शिकवलं, पण ठोके मनातल्या मनात मोजायला शिकवायचं राहून गेलं. वार्षिक परीक्षेला दुसऱ्या शाळेतले पर्यवेक्षक आले. प्रश्नपत्रिका वाटल्या, दहा मिनिटं शांतता होती, आणि मग अपूर्णांकांचा प्रश्न आला. एका बाकावर टकटक सुरू झाली, मग शेजारी, मग सगळ्या वर्गात. पर्यवेक्षकांनी कान टवकारले. मुलं एकमेकांना खुणेने उत्तरं सांगताहेत, याबद्दल त्यांना काही शंकाच उरली नाही. पेपर संपताच त्यांनी एकतीस उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधल्या, वर 'सामूहिक कॉपी' असं लिहिलं आणि, ठोके डफावर शिकलो असं एका मुलाने सांगताच, कपाटातून मलाही बाहेर काढून मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. मी पुरावा झालो होतो.

मुख्याध्यापक घामाघूम झाले. बाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि आपली चूक कबूल केली. पर्यवेक्षक म्हणाले, ठीक आहे, एका मुलाला एकट्याला बोलवा, खुणा करायला इथे कोणी नसेल. कोणाला बोलवायचं ते त्यांनीच ठरवलं. गुणपत्रकात सगळ्यांत खालचं नाव शोधलं, आणि गोगलगाय खोलीत आली.

त्यांनी तिला हात मागे बांधून उभं केलं आणि विचारलं, पाच छेद सहा वजा तीन छेद चार किती? उत्तराऐवजी तिची मागची बोटं नुसती वळवळली. बाईंचा चेहरा उतरला. पर्यवेक्षकांनी मुख्याध्यापकांकडे बघून मान हलवली. मी टेबलावर पालथा पडलो होतो, नाहीतर मीच काहीतरी बोललो असतो.

तेवढ्यात ती म्हणाली, "सर, हात सोडू का? मला हातांनी विचार करायचाय."

पर्यवेक्षकांनी 'सोड' अशी खूण केली. तिने टेबलाची कड धरली, दहा ठोके वाजवले, त्यातले नऊ बोटांनी मागे घेतले, आणि एकच उरला.

"एक छेद बारा."

पर्यवेक्षक सहजासहजी हार मानणारे नव्हते. त्यांनी मुद्दाम अडचणीचा प्रश्न काढला, एक द्वितीयांश अधिक एक पंचमांश. तिने बाराची फेरी बोटांनी वाजवून पाहिली. पुन्हा वाजवून पाहिली. बाईंनी वर्गात बाराशिवाय दुसरी फेरी कधी वाजवलीच नव्हती.

"बारात पाचचे वाटे नीट पडत नाहीत," ती म्हणाली. "दहाची फेरी घ्यावी लागेल." मग पाच ठोके, मग दोन. "सात छेद दहा."

"हे दहाचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दोन्ही वाटे एकाच फेरीत पुरे बसायला नकोत का?"

पर्यवेक्षकांचं बोट टेबलाच्या कडेवर हलत होतं, मी पाहिलं. ते कधी कबूल करणार नाहीत. पण त्यांनी गठ्ठ्यावरचा शेरा खोडला आणि पेपर तपासायला दिले. गोगलगायीला त्रेसष्ट गुण मिळाले. शिंपी स्वतः निकालपत्रक न्यायला आला. ते त्याने दोनदा वाचलं आणि बाईंना म्हणाला, मशीनचं मी बघतो.

तुम्हाला वाटेल, आता मला हार घातला असेल. मुख्याध्यापकांना चौकशीची अशी धास्ती बसली की त्यांनी आदेश काढला, गणिताच्या तासाला वाद्य आणू नये. कपाटाला नवं कुलूप लावलं. बाईंनी तीन अर्ज केले, तिन्हींवर 'विचाराधीन' असा शेरा आला.

म्हणून मित्रांनो, मी तुमच्याकडे दया मागत नाही. माझ्यावरची धूळ पुसा, मला नीट जपा, असलंही काही मागत नाही. जपून ठेवल्याने कोणी शहाणं झालेलं मी पाहिलेलं नाही. कपाटापलीकडे सहावीची नवी मुलं बसतात. गेल्या आठवड्यात त्यांना बाईंनी तोच पहिला प्रश्न विचारला, आणि सगळी तेच चुकलेलं उत्तर मोठ्याने म्हणाली. माझं कातडं नुसतं तडतडलं.

पण गोगलगाय आता सातवीत आहे, आणि ती रोज मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभी राहते.

"सर, कपाटाची चावी द्या. सहावीच्या मुलांना एक चतुर्थांश मोठा वाटतोय."

ते म्हणतात, "उद्या बघू."

ती म्हणते, "बरं, उद्या येते," आणि खरोखरच येते. काल तिच्या मागे सहावीची चार मुलं उभी होती. आज नऊ होती. तुम्हीही जा, तिच्या मागे रांगेत उभे राहा.