ओल्या पानाचा वास

नाक

"गाडी बंद कर, शामू," आमच्या मोठ्या डॉक्टर पारमिता मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या.

स्ट्रेचर अर्धं अँब्युलन्समध्ये, अर्धं बाहेर. त्यावर ओमकार, बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीतला कामगार. सुट्टीला गावी आला, सकाळी मोटरसायकलवरून घसरला. आता उलट्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम, नाडी मंदावत चाललेली. नवे डॉक्टर आदर्श यांचं म्हणणं, डोक्याला मार आहे, बेळगावला हलवा. मलाही तसंच वाटत होतं. मी सिस्टर मंगल. या कॅज्युअल्टीत माझे केस पिकले.

मॅडम वाकल्या. ओमकारच्या खांद्याशी नाक नेलं. वास घेतला. पुन्हा घेतला.

निपाणीत तंबाखूचा वास वेगळा असा कुणालाच जाणवत नाही. इथली हवाच ती, वाळल्या पानाची.

"ओल्या पानाचा आहे," त्या म्हणाल्या. "आत घ्या."

जमीन

शर्ट कापला. पाठ सोललेली, तपकिरी. आदर्श म्हणाले, माती आहे. पानाचा तुकडासुद्धा नव्हता. डोक्यात रक्तस्राव असेल, तर इथे घालवलेला वेळ ओमकारच्या जिवावर बेतणार. सोललेल्या पाठीतून तंबाखूचं विष भिनलं असेल, तर तो रस्त्यातच संपणार. आणि मॅडमकडे नुसता वास.

त्याची आई मनुबाई दाराशी उभी. हात पदराखाली. आदर्शनी दरडावून विचारलं, पाठीला काय लावलं होतं?

"काय न्हाय."

मॅडम तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसल्या. मागे मॉनिटर रेंगाळत वाजतोय, आणि ही बाई बसते. मनुबाईही भिंतीला टेकून हळूहळू खाली आली.

"आक्का, माझी आई वखारीत तंबाखूचा पाला झाडायची. पारूबाई. मला लागलं की गुडघ्याला पान बांधायची."

"वल्लं का वाळल्यालं?"

"वल्लं. रगात थांबतंय."

"व्हय. लगीच थांबतंय." मनुबाईनं हात पदराखाली आणखी आत ओढले. मग खाली बघत म्हणाली, "समदी पाठ भरून लावलती. हितं यायच्या आदी काढून टाकली. तुमी लोक वरडता न्हवं."

आदर्श दुसरीकडे बघू लागले.

पाणी

साबण. पाणी. पुन्हा साबण. नाडी वर आणायचं इंजेक्शन. मॅडम स्वतः पाठ धूत होत्या, मी त्याला कुशीवर धरलेलं, आदर्श बादल्या आणत होते. तपकिरी ओघळ फरशीवरून मोरीकडे गेला, आणि तेव्हा कुठे मला तो वास आला. जन्मभर ज्यात राहिले तो.

मॉनिटर थबकत वाजत होता. मग जरा जवळजवळ. मग सरळ.

मी फारशी देवभोळी नाही. तरी त्या क्षणी स्ट्रेचरपासून एक पाऊल मागे सरले, गाभाऱ्यापुढून सरतो तशी.

हात

उन्हं कलली तेव्हा ओमकारनं चहा मागितला. वर म्हणाला, साखर जास्त घाला, कंपनीतल्यासारखा नको.

मनुबाई हसली नाही. मॅडमना कोपऱ्यात गाठून म्हणाली, "म्हंजे मीच घालवलं असतं त्येला."

मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. "ह्याच्यापुढं लावू नका, आक्का."

"मग तुमच्या आईनं लावल्यालं कसं चाललं?"

"गुडघा ल्हान हुता. ही समदी पाठ."

मॅडमनी मला पाण्याचा मग भरून आणायला सांगितलं आणि मनुबाईचे पदराखालचे हात ओढून घेतले. रस वाळून काळे झालेले. स्वतःच्या तळव्यावर धरून त्या एकेक बोट साबणानं चोळू लागल्या. ताजं निघालं. खालचं, उभ्या आयुष्याचं, तसंच.

"ऱ्हाऊ द्या, बाई," मनुबाई हात मागे घेत म्हणाली. "त्ये जायाचं न्हाय."

"म्हाईत हाय," मॅडम म्हणाल्या. "माझ्या आईचं शेवटपतोर गेलं न्हाय."

हात त्यांनी सोडले नाहीत. मी मगातली धार बारीक केली, पाणी पुरावं म्हणून.