आधी कोण येणार

महापालिकेच्या रस्ते विभागातल्या आमच्या साहेबांचा हिशेब सरळ असतो. पेट्रोलपंपाजवळच्या चौकात त्यांनी मोजणी करवली, गाड्या हजारोंनी निघाल्या आणि पायी रस्ता ओलांडणारे बोटांवर मोजण्याइतके. "बघा, इथे माणसांसाठी काही करायची गरजच नाही," ते म्हणाले. मला गप्प बसणं जमत नाही. "दुकानाचं शटर पाडून ठेवायचं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणायचं, तशातली गत झाली ही!"

त्या मोजणीत न आलेली एक बाई म्हणजे माझी आई. ती त्याच चौकात रस्त्याच्या अलीकडे राहते, तिची धाकटी बहीण, माझी मावशी, बरोबर समोर. रस्ता रुंद झाला, आईचे गुडघे गेले आणि येणंजाणं बंद पडलं. दोघी आपापल्या बाल्कनीत उभ्या राहून एकमेकींकडे बघत फोनवर बोलतात. आई कुठेच जात नाही. तिचं जग दोन खोल्यांएवढं होत चाललेलं बघून माझा जीव तुटायचा.

शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून साहेबांनी आठवडाभर प्रयोग करायला परवानगी दिली. आम्ही रंग आणि मोठाल्या कुंड्या वापरून कोपरे आवळले, म्हणजे वळणाऱ्या गाड्यांना वेग कमी करावाच लागेल. सायकलींना वेगळी पट्टी दिली. रस्त्याच्या मधोमध कुंड्या ठेवून उंचवट्याचं बेट केलं, म्हणजे एका दमात ओलांडायला नको. अट एकच होती, शनिवारपर्यंत माणसं दिसली नाहीत तर सगळं उचलायचं.

सायकलवाले लगेच आले. चालणारं मात्र कुत्रंही फिरकलं नाही. रिकाम्या झेब्रा पट्ट्यांसमोर गाड्या लाल दिव्याला थांबायच्या आणि ड्रायव्हर मला शिव्या घालायचे.

"आई, तू तरी चल ना," मी शुक्रवारी म्हटलं.

"मी का? ती धाकटी आहे. तिने यावं."

मावशीला फोन केला, तर ती ताडकन म्हणाली, "ताईचे गुडघे दुखतात, मग माझे काय लोखंडाचे आहेत? दर वेळी मीच का?"

शनिवारी सकाळी कुंड्या न्यायला ट्रक घेऊन साहेब आले, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी दोघींना एकत्र फोनवर घेतलं. "बसा आपापला मान कुरवाळत! आत्ता सगळं उचलतायत. मग जन्मभर हात हलवा एकमेकींना." आणि फोन ठेवून दिला.

कामगार पहिल्या कुंडीला हात घालणार, एवढ्यात चालणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला. इकडून काठी टेकत आई निघाली आणि तिकडून पदर सावरत मावशी. बेटावर दोघी समोरासमोर आल्या.

"मी अर्ध्यात आले. आता तू चल माझ्याकडे," आई म्हणाली.

"मीपण अर्ध्यातच आलेय, ताई."

कुणीच हटेना. मग दोघी सरळ कुंडीच्या कठड्यावर बसल्या आणि बोलत सुटल्या. दिवा किती वेळा बदलला, त्यांना पत्ताही नव्हता. फुटपाथवरून बघणारे एक काका काठावर घुटमळले आणि निघाले. मागून बाबागाडी ढकलत एक बाई आली. मग शाळेतली पोरं, मग भाजीच्या पिशव्या घेतलेलं जोडपं.

"साहेब, कुंडीवर आजीबाई बसल्यात. उचलू कशी?" कामगाराने विचारलं.

साहेब स्वतः बेटावर गेले. आई त्यांना म्हणाली, "बाळा, आम्हाला उठवायचं असेल तर आधी हिला माझ्याकडे यायला सांग."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, रस्ता ओलांडणाऱ्यांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ट्रक परत न्या. महिनाभर राहू दे, पुन्हा मोजू."

संध्याकाळी मी पेढे घेऊन आईकडे गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "बहिणीकडे राहायला गेल्यात, उद्या येतील." मी तिथेच जिन्यात बसले आणि डोळे पुसत हसत राहिले.